येते म्हणून गेलेली माणसं

माझं नोकरीतलं सगळं आयुष्य दुसऱ्यांचे बेडके बघण्यात गेलं. फराळाची बशी शेजारी घेऊन अंक वाचणाऱ्यांची मी आधीच माफी मागतो, पण संपादकबाई म्हणाल्या, तुमच्या कामाबद्दल लिहा, आणि माझं काम हेच होतं. कर्जत आणि खालापूरच्या मधल्या पट्ट्यात, पळसदरीच्या अलीकडे, एका परदेशी मिशनचा बैठा कौलारू दवाखाना होता. तिथे क्षयाच्या रोग्यांचा बेडका तपासायला मी होतो. माझं लग्न जमवताना वडील सगळ्यांना ‘मुलगा लॅबोरेटरीत असतो’ एवढंच सांगायचे. लॅबोरेटरीत मी नेमकं काय करतो हे सासरच्यांना कळलं तोवर चर्चमध्ये आमची नावं पुकारून झाली होती.

माझं नाव शमुवेल. आम्ही नगरकडचे, आजोबांच्या वेळेपासूनचे ख्रिस्ती. इकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात लोकांनी शमुवेलचा शामूभाऊ केला. वाड्यांवरच्या काही बायका तर नुसतं ‘डबीवाला’ म्हणायच्या, कारण खोकणारा माणूस दिसला की मी त्याच्या हातात प्लास्टिकची एक डबी द्यायचो. बाजारात, एस. टी. स्टँडवर, एकदा तर एका लग्नाच्या मांडवातसुद्धा दिली. माझ्या बायकोनं त्यानंतर माझ्याबरोबर लग्नांना जाणं बरेच दिवस बंद केलं होतं.

आता थोडं धंद्याचं सांगतो. थुंकी वेगळी आणि बेडका वेगळा. थुंकी तोंडातली, तिच्यात काही सापडत नाही. बेडका छातीतून यावा लागतो, सकाळी उठल्या उठल्या, खोल श्वास घेऊन, मनापासून खाकरून. तो काचेवर पसरायचा, वाळवायचा, दिव्यावरून फिरवायचा. मग त्यावर तांबडा रंग ओतून वाफ येईपर्यंत ऊन करायचा आणि आम्लानं धुवायचा. आम्लानं बाकी सगळ्याचा रंग उतरतो, क्षयाच्या जंतूचा तेवढा उतरत नाही, असा तो चिवट. शेवटी वरून निळा रंग द्यायचा आणि काच दुर्बिणीखाली ठेवायची. आम्ही सूक्ष्मदर्शकाला दुर्बीणच म्हणायचो.

आणि मग ते निळं दिसायला लागायचं. मला ते नीट सांगता येत नाही. माझं टेबल खिडकीशी होतं, खिडकीतून डोंगर दिसायचा, सकाळच्या धुक्यात तोही निळाच असायचा. भिंगातून बघता बघता बाहेरचं निळं आणि आतलं निळं एक होऊन जायचं. लांब ठाकुरवाडीच्या बाजूला घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज यायचा, तोही त्या निळ्यातूनच आल्यासारखा वाटायचा. काचेवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जायचं, सावकाश, काही चुकू न देता. कधी कधी सगळी काच नुसती निळी असायची. कधी त्या निळ्यात कुंकवाच्या काडीनं ओढल्यासारख्या बारीक तांबड्या रेघा दिसायच्या. तेच ते जंतू. ते दिसायला सुंदर होते हे कबूल करायला मला अजून संकोच वाटतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, नेरळच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी डोळा लागला की अजून मी त्या निळ्यातून चालत असतो.

त्या निळ्यात हमखास भेटणारं माणूस म्हणजे सिस्टर इंगा. मी नोकरीला लागल्यावर दुसऱ्या वर्षी ती डेन्मार्कहून आली. इंगा हे तिचं खरंच नाव. तिकडे ते साधं बायकांचं नाव आहे, पण आपल्याकडे इंगा दाखवणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या दिवशी तिनं ‘मी इंगा’ असं हसून सांगितलं तेव्हा रांगेतली दोन माणसं गुपचूप उठून गेली. उंच, हाडकुळी, पांढरी सुती साडी आणि पायात कापडी बूट. मिशननं तिला भाषा शिकवून पाठवलं होतं, पण पुस्तकातली. ती सगळ्यांना ‘आपण’ म्हणायची. वाडीवरची माणसं तिला ‘तू’ म्हणायची, कारण ती देवालाही ‘तू’च म्हणतात. अशी दोन्हीकडून बोलणी चालायची आणि कुणाचं काही अडायचं नाही.

दुसरी तिची खोड म्हणजे आभार. डबी दिली, आभारी आहे. बाजूला सरकलात, आभारी आहे. ‘आपण फार चांगला बेडका दिलात, मी आभारी आहे’ हे तर रोजचं. लोक घाबरून माझ्याकडे बघायचे, की ही बाई त्याचं आता करणार काय?

बेडका हा शब्द मात्र तिला सुरुवातीला साधत नव्हता. चिंधू नावाचा एक म्हातारा ठाकूर खोकत आला. मी काचा धूत होतो, म्हणून तिनंच त्याला डबी दिली आणि सावकाश समजावून सांगितलं, “उद्या सकाळी उठल्याबरोबर पहिला बेडूक या डबीत घालून घेऊन या.” म्हाताऱ्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यानं डबी आणली ती झाकणाला बारीक भोकं पाडलेली. मी झाकण उघडलं आणि आतला ऐवज माझ्या टेबलावरून उडी मारून रंगाच्या बाटल्यांमागे गेला.

“आजोबा, हे काय आणलंत?”

“पयलाच हाय,” म्हातारा जरा दुखावून म्हणाला. “उठलो तं पायरीखालीच बसलेला. बाय बोलली पयला, मी दुसऱ्याला हात नाय लावला.”

सिस्टर इंगा खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग उठून म्हाताऱ्यासमोर हात जोडून म्हणाली, “आभारी आहे.” बेडकाला आम्ही दवाखान्यामागच्या विहिरीत सोडलं. त्यानंतर तो शब्द तिचा कधी चुकला नाही. रोज सकाळी दार उघडलं की पायऱ्यांवर बसलेल्या माणसांना ती पहिला प्रश्न विचारायची, “बेडका?”

माणसं विचारायची, आणि अजूनही विचारतात, की ही बाई लोकांना बाटवायला आली होती का. मी तिच्याबरोबर काढलेल्या वर्षांत तिनं गोळ्यांच्या बदल्यात कुणाकडून काही मागितल्याचं मला आठवत नाही. पहाटे ती एकटीच व्हरांड्यात प्रार्थनेला बसायची आणि तिथंही आभारच मानायची. कोण कोण आलं त्याबद्दल आभार, आणि कोण कोण आलं नाही त्याबद्दलही आभार, कारण आता त्यांच्या घरी जायला मिळणार. मी जन्मापासूनचा ख्रिस्ती, पण असली प्रार्थना मला कधी सुचली नाही. मला तर कुणी आलं नाही की सुटल्यासारखं वाटायचं.

आता बुधीचं सांगतो, कारण हे सगळं लिहायला मी बसलो ते बुधीसाठी.

बुधी कातकऱ्याची. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. डोंगराच्या पोटाशी त्यांची वाडी होती. वय असेल विशीचं, पण क्षयानं इतकी वाळली होती की पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला म्हातारी समजलो. काखेला अंगावर पिणारी मुलगी, जनी. बुधीची काच मी दुर्बिणीखाली ठेवली तेव्हा निळं जेमतेमच दिसलं, इतक्या त्या तांबड्या रेघा होत्या. उपचार सुरू झाले. क्षयाच्या गोळ्यांची गंमत अशी, की त्या घेतल्यावर दोन महिन्यांत माणसाला बरं वाटायला लागतं, खोकला जातो, भूक लागते. पण जंतू आत लपून असतात. गोळ्या सहा महिने घ्याव्या लागतात. मध्येच सोडल्या तर रोग परत येतो आणि मग त्याला त्या गोळ्या पुरेनाशा होतात. बुधीनं सोडल्या असत्या तर ती गेली असती, आणि एकाच गोधडीत झोपणारी जनीही तिच्यामागून गेली असती.

दिवाळी झाली. बुधी एक दिवस गोळी घेऊन निघाली आणि दारातून म्हणाली, “येते गं बाय.” दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. सिस्टर इंगा संध्याकाळपर्यंत दार उघडं ठेवून तिच्या गोळ्या टेबलावर काढून बसायची.

“सिस्टर, बंद करू या,” मी म्हटलं. “ती नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर गेली. पूर्ण वाडी जाते, आता पावसाच्या तोंडावर येतील.”

“पण त्या ‘येते’ म्हणाल्या.”

“इथं सगळेच म्हणतात. जाते असं कुणी म्हणत नाही, अशुभ असतं ते. जाते असं बोललं की माणूस गेलंच. म्हणून निघताना येते म्हणायचं. त्याचा अर्थ जाते असाच.”

तिला हे पुस्तकात शिकवलं नव्हतं. तिनं टेबलावरच्या गोळ्या पिशवीत भरल्या. मग म्हणाली, “नाही शमुवेल. त्यांनी येते असा शब्द दिला आहे. त्यांना येता येत नसेल, तर आपण जाऊन त्यांना आणायचं. येते म्हणून जे गेले, त्या सगळ्यांना आणायचं.”

मी मनात कपाळाला हात लावला. पण पुढे आमच्या दवाखान्याची कामाची रीत हीच झाली. निघताना सगळेच येतो, येते म्हणायचे, त्यामुळे मागे जायला माणसं काही कमी नव्हती.

माझ्याकडे जुनी स्कूटर होती. मागे सिस्टर इंगा बसायची, मांडीवर गोळ्यांची पिशवी. कर्जतपासून खालापूरपर्यंत नदीकाठानं तेव्हा भट्ट्याच भट्ट्या होत्या. हिवाळ्याच्या सकाळी धूर वर चढत नाही, शेतांवरच पसरून राहतो. त्या धुरातून ती पुढे चालायची आणि तिची साडी तेवढी दिसायची, ती कधी धुरात मिसळून जायची, कधी परत दिसायची. मी मागून स्कूटर ढकलत यायचो. हे खरंच इतक्या वेळा झालं की नंतर स्वप्नात होत राहिलं, मला आता वेगळं करता येत नाही. दर भट्टीवर ती विचारायची, “बुधीबाई इथे आहेत का?” आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, कारण बुधीला बाई म्हटलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

बुधी सापडली ती डोक्यावरून चिखलाची पाटी वाहताना.

“तू कशाला आलीस गं हितं?”

“आपण येते म्हणालात. आला नाहीत. म्हणून मी आले.”

“आता मला काय नाय झालेलं. खोकला गेला, दोन वेळा जेवते. आन त्या गोळीनं लघवी लाल व्हते, माजा नवरा भ्यालाय. मी नाय घेत.”

सिस्टर इंगानं वाद घातला नाही. लाल रंग गोळीचा असतो, रक्ताचा नव्हे, एवढं सांगून ती दमून खाली बसली. ज्यावर बसली त्या आदल्या रात्री थापलेल्या कच्च्या विटा होत्या. मुकादम धावतच आला. तिनं उठून साडी झटकली आणि म्हणाली, “क्षमा असावी. मी आपल्या विटा बिघडवल्या.” मुकादमाला आयुष्यात कुणी क्षमा असावी म्हटलं नसावं, तो शिवी विसरला. बुधी मात्र पाटी खाली ठेवून पोट धरून हसत होती, आणि हसता हसताच तिनं गोळीसाठी हात पुढे केला. सिस्टरचा ठसा उमटलेल्या त्या विटाही पुढे भाजल्या गेल्या असतील, खालापुरात कुणाच्या तरी भिंतीत त्या आहेत.

मग रोज भट्टीवर. कधी ती, कधी मी. आमच्या लक्षात आलं की बुधी गोळी गालात धरते आणि आम्ही पाठ फिरवली की थुंकते. तेव्हापासून सिस्टरनं नियम केला, की गोळी गिळली की तोंड उघडून आ करायचं आणि जीभ वर करून दाखवायची. ती स्वतः वाकून, चष्मा कपाळावर चढवून, तोंडात नीट बघायची. मग म्हणायची, “छान. उद्या या.” सवयीनं हे ती भट्टीवरही म्हणायची.

“मी कुटं येऊ?” बुधी म्हणायची. “तूच तं येतेस रोज.”

एक दिवस गेलो तर झोपड्या रिकाम्या. मुकादमानं माणसं दुसऱ्या कुठल्याशा भट्टीवर पाठवली होती आणि कुठल्या ते तो सांगेना. त्यानंतरचे दिवस मला फारसे आठवावेसे वाटत नाहीत. मी सिस्टरला सांगितलं, की आता सोडून द्या. बाकीचे रोगी आहेत, एका बाईमागे किती फिरायचं? तिनं ऐकलं नाही. सकाळी दवाखाना, दुपारी भट्ट्या. माझी स्कूटर बंद पडली की चालत. हायवेपलीकडच्या एका भट्टीवर बुधी आम्हाला सापडली तेव्हा ती झोपडीत पडून होती. खोकला परत आला होता, गोधडीला रक्त लागलं होतं. जनी आईच्या छातीशी झोपली होती.

बुधीनं डोळे उघडले आणि म्हणाली, “आलीस? मी येनार व्हते गं.”

“मला माहीत आहे,” सिस्टर इंगा म्हणाली.

नवरा तयार होत नव्हता, पण सिस्टर झोपडीच्या दारात बसून राहिली तेव्हा त्याला बाहेर पडायलाही वाट उरली नाही आणि तो शेवटी हो म्हणाला. आम्ही टेंपोतून बुधीला दवाखान्यात आणलं. मागच्या खोलीत मायलेकींची सोय केली. जनीला प्रतिबंधाची औषधं सुरू झाली. आठवड्याला येणारे आमचे डॉक्टर बुधीला तपासून माझ्याकडे वळले आणि नुसतीच मान हलवली. जुन्या गोळ्या आता चालतील की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं. इंजेक्शनं आली, ती दुखायची, बुधी सिस्टरला शिव्या द्यायची आणि सिस्टर तिचे आभार मानायची. पाऊस आला, गेला. दर महिन्याला मी तिची काच बघायचो. रेघा कमी व्हायच्या, मग तितक्याच राहायच्या, मग पुन्हा कमी. आमच्या धंद्यात माणूस काचेपुरतंच बघायला शिकतो, नाही तर रोजचं काम निभत नाही. बुधीच्या बाबतीत मला ते जमलं नाही. मागच्या खोलीतून जनी हसलेली ऐकू यायची आणि माझं काच वाचणं चुकायचं, मग मी परत पहिल्यापासून बघायचो.

आणि एक दिवस काच नुसती निळी निघाली. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, दुसरी काच केली, तीही निळी. मी सिस्टरला हाक मारली. ती दुर्बिणीवर वाकली आणि इतका वेळ तशीच राहिली, की मला वाटलं तिला झोप लागली. मग भिंगावरून डोळा न काढता हळूच म्हणाली, “आभारी आहे.” कुणाला म्हणाली ते मी विचारलं नाही. मला रडू येत होतं म्हणून मी बाटल्या धुवायला गेलो.

औषध पुरं झालं तेव्हा बुधीनं जनीला काखोटीला मारलं, गाठोडं उचललं आणि दारातून म्हणाली, “येते गं बाय.” बस. आभाराचा एक शब्द नाही. मला राग आला. मी म्हटलं, सिस्टर, एवढं केलंत, आणि ती साधं वळूनसुद्धा बघत नाही. सिस्टर इंगा म्हणाली, “त्या येते म्हणाल्या ना?”

पुढच्या श्रावणात एका सकाळी बघतो तर बुधी पायरीवर. पुढ्यात पानांत बांधलेली करटोली, डोंगरातली, हिरवीगार. सिस्टरच्या पायाशी ती ठेवली. मग तोंड उघडून आ केलं आणि जीभ वर करून दाखवली. सिस्टरनं वाकून नीट बघितलं. “छान. उद्या या.” दोघी हसल्या. ही त्यांची गंमत पुढे दर श्रावणात होत राहिली. करटोली, आ, छान, उद्या या. मी म्हातारा होत गेलो, सिस्टर गुडघ्यांनी थकली, जनी शाळेत गेली, तिचं लग्न झालं, आणि श्रावण आला की पायरीवर बुधी असायची.

मग तिकडच्या मिशननं वयाच्या नियमानं सिस्टरला परत बोलावलं. दवाखानाही बंद व्हायचाच होता. आता सरकारी दवाखान्यात मशीन आहे, त्यात बेडका घातला की ते आपोआप सांगतं. चांगली गोष्ट आहे, फक्त मशीनला निळं दिसत नाही. निघायच्या दिवशी वाड्यावाड्यांतून माणसं आली. सिस्टर इंगा प्रत्येकासमोर हात जोडून म्हणत होती, “जाते. आभारी आहे.” बुधीच्या समोर आली तशी बुधीनं तिचा हातच धरला.

“जाते नाय बोलायचं, बाय. येते बोल.”

“पण बुधीबाई, मी येणार नाही. मला येता येणार नाही. मग खोटं कसं बोलू?”

“ते मला नाय ठाव. येते बोल, मग जा.”

गाडी सुरू होती. सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. त्या एका शब्दावर भरवसा ठेवून ती जन्मभर माणसांच्या मागे धुरातून, चिखलातून चालली होती. तो शब्द तिच्या तोंडून सहज निघणं शक्य नव्हतं. “येते,” ती म्हणाली. बुधीनं हात सोडला.

याला बरीच वर्षं झाली. दवाखान्याच्या जागी आता एक फार्महाऊस आहे, विहिरीच्या जागी पोहायचा तलाव. बुधी श्रावणात नेरळला माझ्याकडे येते. लिफ्टला भिते, जिना चढून येते, करटोली ठेवते आणि विचारते, “बाय आली?” मी म्हणायचो, नाही अजून. यंदा तिनं पुढचं विचारलं.

“शामूभाऊ, येते बोलून जो येत नाय, त्याला आनाया जायचं आसतं ना?”

“हो.”

“मंग बायला आनाया कोन गेलं? कंदी जानार तुमी? किती लांब हाय रं तिची भट्टी?”

मला जे ठाऊक होतं ते मी तिला सांगितलं नव्हतं. सिस्टरची भाची मला नाताळला फोनवर शुभेच्छा पाठवते. तिनं कळवलं होतं की मावशी वृद्धांच्या संस्थेत असते, माणसं ओळखत नाही, कुणाशी बोलत नाही. फक्त तिथल्या नर्स सकाळी खोलीत आल्या की त्यांना एक शब्द विचारते. भाचीनं तो शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवला होता आणि विचारलं होतं, हा शब्द आमच्या भाषेत नाही, तुमच्या भाषेत आहे का, आणि त्याचा अर्थ काय? तो शब्द होता बेडका.

मी बुधीला खुर्चीत बसवलं आणि भाचीला फोन लावला, चित्र दिसतं तसा. तिकडे सकाळ होती. खूप वेळानं पडद्यावर खिडकी दिसली, निळसर उजेड दिसला, मग उशीवर सिस्टर इंगाचा चेहरा. लहान झाला होता. नजर कुठेच लागत नव्हती. भाची तिच्या कानाशी काहीतरी बोलली, काही नाही. मी म्हटलं, सिस्टर, मी शमुवेल, काही नाही. मला वाटलं, आपण हे उगाच केलं, आता बुधीला काय सांगायचं.

बुधीनं माझ्या हातातून फोन घेतला. तिनं फोन तोंडाजवळ धरला, उरलेल्या दोन-चार दातांचं आपलं तोंड उघडून मोठा आ केला, आणि जीभ वर करून दाखवली.

पडद्यावरचे डोळे हलले. सिस्टर इंगा उशीवरून जरा उठली. नसलेला चष्मा तिनं दोन बोटांनी कपाळावर सारला, वाकून जवळ आली आणि नीट, अगदी नीट बघितलं.

“छान,” ती म्हणाली. “उद्या या.”

“येते गं बाय,” बुधी म्हणाली.